विनाअनुदानित शाळांच्या संघटनेचं वर्ष : सोलापुरातल्या कार्यवाहासाठी सविस्तर कामकाज

विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांची जिल्हा संघटना बहुतेक वेळा एकाच माणसाच्या खांद्यावर चालते. तो माणूस म्हणजे कार्यवाह. स्वतःची शाळा सांभाळून, दुपारच्या सुट्टीत आणि रात्री जेवणानंतर तो हे काम करतो. त्याला अध्यक्षांचं भाषण लिहून द्यायला कुणीही सापडतं. पण शुल्काचा प्रस्ताव कोणत्या तारखेच्या आत द्यायचा आणि प्रतिपूर्तीच्या (मोफत शिकवलेल्या मुलांचं जे शुल्क सरकार शाळेला देतं त्याच्या) यादीतलं नाव का उडालं, हे सांगणारा क्वचितच भेटतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

दोनशे मुलांच्या छोट्या शाळेला संघटनेकडून नेमकं काय हवं असतं? मुदत संपायच्या आधी कुणीतरी सांगावं, आणि काय करायचं ते तिला कळेल अशा मराठीत सांगावं. मोर्चे, निवेदनं, सत्कार यांना त्यांची जागा आहेच. पण वर्षभर तारखा सांभाळणाऱ्या संघटनेचीच वर्गणी पुढच्या वर्षी न मागता येते.

आधी सदस्य नोंदवही

पहिलं काम एप्रिलमध्ये करायचं, आणि ते कंटाळवाणं आहे. बहुतेक संघटनांकडे सदस्यांची यादी म्हणजे शाळेचं नाव आणि एक मोबाइल नंबर एवढंच असतं. तेवढ्यावर वर्ष निघत नाही. प्रत्येक शाळेसाठी एक ओळ आणि त्या ओळीत पुढचे रकाने ठेवा.

सरकारच्या शाळा-माहिती प्रणालीतला 11 अंकी यूडायस क्रमांक (आपल्या जिल्ह्याचा 2730 ने सुरू होतो). मंडळ आणि माध्यम. परवानगीचा प्रकार, म्हणजे कायम विनाअनुदानित की 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखालची. इयत्ता कुठपासून कुठपर्यंत. प्रवेशस्तरावरची क्षमता. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मान्यतेचं प्रमाणपत्र (नमुना 2) कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे. शुल्काचा शेवटचा ठराव कधीचा आणि कोणत्या दोन वर्षांसाठीचा. शाळेच्या बसेस किती, त्यात स्वतःच्या किती आणि कंत्राटी किती. एकूण कर्मचारी किती.

कर्मचारीसंख्या कशाला, असं मुख्याध्यापक हमखास विचारतात. दहा कर्मचारी झाले की लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालची अंतर्गत समिती लागते, वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. हा आकडा हाताशी असला की कोणत्या शाळेला कोणतं परिपत्रक धाडायचं हे पाच मिनिटांत ठरतं. नसला की सगळ्यांना सगळं जातं आणि महिन्याभरात कुणीच काही वाचेनासं होतं.

फोन नंबर दोन घ्या, मुख्याध्यापकांचा आणि संस्थाचालकांचा. निरोप मुख्याध्यापकांना मिळतो, पण पैशाचा निर्णय संस्थेत होतो. अग्निशमन तपासणीचे आठ हजार मंजूर करायला संस्थेची सही लागत असेल आणि सचिवांच्या ते गावीही नसेल, तर परिपत्रक वेळेवर पाठवून उपयोग शून्य.

अकरा तालुक्यांचा जिल्हा आहे. करमाळ्याहून सोलापूरला यायचं म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, जाऊन-येऊन दिवस मोडतो. म्हणून प्रत्येक तालुक्याला एक संपर्क शाळा नेमा आणि ही नोंदवही भरून घ्यायचं काम तिच्याकडे द्या. शहरात हद्दवाढ भागातल्या शाळा, जुळे सोलापूर, होटगी रोड, अक्कलकोट रोड असे चार-पाच गट पुरतात.

वर्गणी : कागदावरची आणि हातातली

सरसकट एकच वर्गणी ठेवली की छोटी शाळा कुरकुरते आणि मोठीला ती नगण्य वाटते. पटसंख्येवर टप्पे पाडा. साठ शाळांची संघटना धरून एक नमुना हिशेब करू. 200 पर्यंत पट असलेल्या 25 शाळा, प्रत्येकी 3,000 रुपये, म्हणजे 75,000. पट 201 ते 600 अशा 25 शाळा, प्रत्येकी 6,000, म्हणजे 1,50,000. त्याहून मोठ्या 10 शाळा, प्रत्येकी 10,000, म्हणजे 1,00,000. एकूण 3,25,000.

खर्च असा : अर्धवेळ लिपिक महिना 10,000 प्रमाणे 1,20,000, जागेचं भाडं महिना 5,000 प्रमाणे 60,000, चार प्रशिक्षणं प्रत्येकी 12,000 प्रमाणे 48,000, वकिलांचा वार्षिक सल्ला 36,000, लेखापरीक्षण 15,000, पुण्याच्या सहा फेऱ्या 15,000, छपाई, फोन, टपाल 16,000. बेरीज 3,10,000. पंधरा हजार उरतात, म्हणजे सगळं छान दिसतं.

प्रत्यक्षात वर्गणी शंभर टक्के कधीच येत नाही. 80 टक्के वसुली धरा, म्हणजे हातात 2,60,000. आता 50,000 ची तूट आहे, आणि ती डिसेंबरमध्ये, ऐन शुल्काच्या हंगामात, वकिलांचं बिल थकल्यावर कळते. अंदाजपत्रक नेहमी 80 टक्क्यांवर बांधा. वरच्या उदाहरणात भाड्याची जागा सोडून एखाद्या सदस्य शाळेतली खोली आणि एक कपाट मिळवलं, तर खर्च 2,50,000 वर येतो आणि गाडी रुळावर राहते. खोली देणाऱ्या शाळेचा माणूस त्याच वर्षी अध्यक्ष नसावा, एवढं पथ्य पाळा. नाहीतर संघटना त्या शाळेची शाखा आहे, अशी कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही.

वर्गणी जुलैमध्ये मागा. एप्रिल-मेमध्ये शाळांकडे रोकड नसते, जूनमध्ये कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. पावती त्याच दिवशी, बँक खात्यावरच रक्कम, रोख शक्यतो नको. जीएसटीचा मुद्दा लेखापालांकडून वर्षारंभीच तपासून घ्या. शिक्षणासारख्या उद्देशाने चालणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या संस्थेच्या सदस्य वर्गणीला दर सदस्यामागे वर्षाला 1,000 रुपयांपर्यंत सूट आहे. पण उलाढाल मोजताना सूट असलेली वर्गणीही धरली जाते, प्रशिक्षणाचं शुल्कही, आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाखांची आहे. जिल्हा संघटना सहसा तिच्या आतच असते. पण मोठं अधिवेशन आणि प्रायोजकांचे पैसे आले की आकडा पाहता पाहता वाढतो.

परिपत्रक लिहायची रीत

शासन निर्णय आला की त्याची पीडीएफ गटावर टाकून मोकळं होणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. चौदा पानी निर्णय कुणी वाचत नाही. वाचला तरी आपल्याला तो लागू आहे का, हे कळत नाही.

24 तासांत एक पानी परिपत्रक काढा. वर अनुक्रमांक आणि दिनांक. पहिल्या ओळीत हे कुणाला लागू आहे : राज्य मंडळ की सीबीएसई, प्राथमिक की माध्यमिक, बस असलेल्या शाळा की सगळ्या. दुसऱ्या ओळीत शेवटची तारीख, ठळक अक्षरात. त्याखाली करायच्या गोष्टी, तीनपेक्षा जास्त नकोत. मग सोबत लागणारा नमुना भरलेल्या उदाहरणासह, कारण कोरा नमुना पाहून माणूस अडतो. शेवटी, न केल्यास काय होतं, एका वाक्यात. मूळ निर्णय खाली जोडा.

एखादा मुद्दा स्पष्ट नसेल तर तसं लिहा आणि कार्यालयाला लेखी विचारा. जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि माध्यमिक ही दोन वेगळी दालनं आहेत. शहरातल्या प्राथमिक शाळांचा बराच व्यवहार महापालिकेच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे असतो. पत्र चुकीच्या टेबलावर गेलं की पंधरा दिवस तिथेच पडून राहतं. प्रत्येक पत्राची आवक शिक्क्याची पोहोच घ्या आणि तिचा फोटो त्याच दिवशी जपून ठेवा. तोंडी झालेल्या गोष्टीचं दुसऱ्या दिवशी ‘काल झालेल्या चर्चेनुसार’ असं पत्र द्या. अधिकारी बदलून गेले की तोंडी आश्वासन त्यांच्याबरोबर जातं, शिक्क्याचं पत्र कपाटात राहतं.

एप्रिल ते जुलै : उन्हाळा, वारी आणि पालक-शिक्षक संघ

एप्रिल-मे हे शिक्षक प्रशिक्षणाचे महिने. सोलापूरचा पारा 42-43 च्या पुढे जातो, त्यामुळे वेळ सकाळी 8 ते 11.30 एवढीच. दुपारच्या सत्रात कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. एका मार्गदर्शकामागे 40 शिक्षक, त्याहून जास्त घेतले की ते व्याख्यान होतं, प्रशिक्षण राहत नाही. विषय दोनच निवडा. एक अध्यापनाचा आणि एक सुरक्षिततेचा : पॉक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा), प्रथमोपचार, बसमधली जबाबदारी.

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, सीबीएसईच्या एप्रिलमध्येच. संघटनेत दोन्ही असतील तर दोन कॅलेंडरं ठेवावी लागतात. पुढे शुल्काच्या मुदतीत याचा मोठा फरक पडतो.

शाळा उघडल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा, असं शुल्क विनियमन कायदा (2011 चा) सांगतो. शाळेतले सगळे शिक्षक आणि सगळे पालक त्याचे सदस्य. त्यातून कार्यकारी समिती : अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांतून, सचिव शिक्षकांतून, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक. पालकांची निवड सोडतीने होते. इथेच पाय घसरतो. ओळखीच्या, सोयीच्या पालकांची नावं मुख्याध्यापक वहीत लिहून टाकतात. दोन वर्षांनी शुल्कवाढीवर तक्रार झाली की पहिला प्रश्न येतो, सोडतीचा पुरावा काय? तो नसेल तर समितीच बेकायदा ठरते, आणि तिने मंजूर केलेलं शुल्कही अडचणीत येतं.

म्हणून सदस्य शाळांना जूनच्या पहिल्याच आठवड्यात सोडतीचा संच द्या. त्यात इच्छुक पालकांनी भरायचा छोटा अर्ज, इयत्तावार इच्छुकांच्या यादीचा नमुना, किमान आठवडाभर आधी फलकावर लावायची सूचना, सोडतीच्या इतिवृत्ताचा मसुदा आणि हजेरीपत्रक, एवढं असावं. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर घडी घालून काचेच्या बरणीत टाकायच्या, एखाद्या लहान मुलाच्या हाताने काढायच्या, आणि पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या सहीपर्यंत मोबाइलवर सलग चित्रीकरण करायचं. मध्ये तोडलेलं चित्रीकरण नसल्यासारखंच. निवडलेल्यांची यादी फलकावर लागली की फलकाचाही फोटो, त्यावर तारीख दिसेल असा.

आषाढीच्या आधीचे दिवस माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांचे नाहीत, हे गृहीत धरा. माउलींची पालखी धर्मपुरीहून जिल्ह्यात येते, नातेपुते, माळशिरस, वेळापूरमार्गे वाखरीला जाते. तुकोबांची अकलूजमार्गे. वाटेवरच्या अनेक शाळांत वारकरी उतरतात, वर्ग रिकामे करून द्यावे लागतात. त्या काळात तिथल्या शाळांकडे माहिती मागू नका, बैठक ठेवू नका. वारी झाल्यावर स्वच्छता आणि पाण्याच्या टाक्या धुणं यासाठी एक दिवस लागतो, तोही धरा.

जुलैमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या. पहिली, अग्निशमन यंत्रणेचं फॉर्म बी प्रमाणपत्र. ते वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घ्यायचं असतं. संघटनेने वीस-पंचवीस शाळांचं काम एकत्र दिलं तर दर खाली येतो. दुसरी, शालेय परिवहन समितीची बैठक. 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार ही समिती प्रत्येक शाळेत हवी, आणि कंत्राटी बस आहे म्हणून शाळेची जबाबदारी संपत नाही. बसच्या योग्यता प्रमाणपत्राची, विम्याची आणि चालकाच्या परवान्याची अंतिम तारीख नोंदवहीत टिपून ठेवा.

ऑगस्ट-सप्टेंबर : संघटनेचं स्वतःचं घर

शाळांना तारखा सांगणाऱ्या संघटनेच्याच तारखा चुकलेल्या असतात, असं फार वेळा दिसतं. संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 या दोन्हींखाली नोंदणी असेल, तर हिशेब 31 मार्चला बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात जायला हवा. म्हणजे 30 सप्टेंबर. वार्षिक सर्वसाधारण सभा त्याआधी, ऑगस्टच्या शेवटी किंवा गणपतीनंतर लगेच. सभेनंतर 14 दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी दाखल करायची.

कार्यकारिणी बदलली तर 90 दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो रखडतो तो एकाच कारणाने : सभेची सूचना प्रत्येक सदस्याला मिळाल्याचा पुरावा नसतो. व्हॉट्सअॅपवर टाकलेली सूचना पुरेशी धरू नका. नियमावलीत जितक्या दिवसांची सूचना लिहिली आहे तितके पूर्ण दिवस मोजून, हाती देऊन सही घ्या किंवा टपालाने पाठवून पोस्टाच्या पावत्या ठेवा. विषयपत्रिका, हजेरीच्या सह्या, सूचक-अनुमोदकांसह ठराव, नव्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रं, मावळत्यांचे राजीनामे हे सगळं सभेच्याच आठवड्यात गोळा करा. दोन महिन्यांनी राजीनामा मागायला गेलं की माणूस रुसलेला असतो. जुना बदल अर्ज मंजूर नसताना नवी निवडणूक झाली, की बँक सह्या बदलून देत नाही आणि पैसे असून अडकतात.

शाळांसाठी याच काळातलं मोठं काम म्हणजे यूडायस प्लस आणि आधार पडताळणी. 30 सप्टेंबर ही संदर्भ तारीख. सोलापूरची इथली अडचण वेगळी आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी वा इंग्रजी, दाखल्यावर नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या. शहराच्या पूर्व भागातल्या शाळांत भावंडांची आडनावंसुद्धा दोन वेगळ्या स्पेलिंगने असतात, कुठे आडनाव आधी तर कुठे शेवटी. पोर्टल अशी नोंद नाकारतं. मग शिक्षक आधारला जुळेल असं नाव पोर्टलवर टाकतात, जनरल रजिस्टर (शाळेतली प्रवेशांची मूळ नोंदवही) तसंच राहतं, आणि दहावीच्या अर्जाच्या वेळी तिसरंच नाव निघतं.

उपाय क्रमानेच करायचा. आधी जनरल रजिस्टर आणि जन्मदाखला जुळवा. रजिस्टर बरोबर असेल तर पालकांना आधार केंद्रावर पाठवा. रजिस्टरच चुकलं असेल तर दुरुस्तीचा रीतसर प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. रजिस्टरमध्ये खाडाखोड करून स्वतःच बदल करू नका. संघटनेने ऑगस्टमध्ये एखाद्या शाळेत आधार दुरुस्तीचं शिबिर लावलं, तर आजूबाजूच्या पाच शाळांचं काम दोन दिवसांत हलकं होतं.

अतिवृष्टीची तयारीही इथेच. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा भागात जे झालं, त्यानंतर नदीकाठच्या शाळांनी जनरल रजिस्टर तळमजल्यावर ठेवणं थांबवायलाच हवं. प्रत्येक पान स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. पाचशे पानांच्या रजिस्टरला मोबाइलने दोन दुपारी लागतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर : शुल्क

वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा. नियम सोपा आहे : पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव कागदपत्रांसह कार्यकारी समितीकडे द्यायचा. समितीने 30 दिवसांत निर्णय घ्यायचा. ठरलेलं शुल्क दोन शैक्षणिक वर्षं बांधील. समितीने मुदतीत निर्णय दिला नाही, तर व्यवस्थापनाने लगेच विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायचं.

आता मागे मोजत या. शाळा 15 जूनला उघडते, तर प्रस्ताव 15 डिसेंबरच्या आत. त्यासाठी व्यवस्थापनाची बैठक नोव्हेंबरमध्ये, दिवाळीची सुट्टी संपल्यावर. त्या बैठकीत ठेवायला लेखापरीक्षित हिशेब हवेत, ते सप्टेंबरअखेर झालेले हवेत. सीबीएसईची शाळा 1 एप्रिलला सुरू होत असेल, तर हाच प्रस्ताव 30 सप्टेंबरच्या आत. तिथे हिशेबाचं काम ऑगस्टमध्येच संपवावं लागतं. मार्चमध्ये प्रवेश सुरू झाल्यावर घाईघाईने ठराव करणाऱ्या शाळा दरवर्षी असतात, आणि तक्रार झाली की सगळ्यात आधी त्याच अडकतात.

प्रस्तावात काय असावं? मागच्या वर्षाचं जमाखर्च पत्रक, चालू वर्षाचा अंदाज, पुढच्या दोन वर्षांचा अंदाज. पगाराची बाब वेगळी दाखवा, कारण खरा खर्च तिथेच असतो. उपदान (ग्रॅच्युइटी) त्यात धरायला शाळा विसरतात. 2009 च्या दुरुस्तीने शिक्षकांना उपदान कायद्याखाली आणलं, तेही 3 एप्रिल 1997 पासून, आणि ऑगस्ट 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. तो खटला खासगी शाळांच्याच महासंघाने लढवला होता आणि तो हरला. हिशेब असा : शेवटचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. 26,000 पगार आणि 10 वर्षं सेवा म्हणजे 1,50,000 रुपये. तीन शिक्षक एका वर्षात निवृत्त झाले तर साडेचार लाख, आणि शुल्कात त्याची तरतूदच नाही. दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढायची, ही बाब प्रस्तावात उघडपणे लिहा. पालकांना ती समजते.

मंजूर शुल्क फलकावर लावताना मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमात लावा. कन्नड किंवा उर्दू माध्यमाची शाळा असेल तर त्या भाषेतही. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहून उपस्थितांच्या सह्या घ्या. पालक सदस्याचा विरोध असेल तर तोसुद्धा त्याच्या शब्दांत नोंदवा. विरोध नोंदवलेलं इतिवृत्त खरं वाटतं.

इथे संघटनेने स्वतःसाठी एक रेघ आखून घ्यावी. ‘यंदा सर्व सदस्य शाळांनी शुल्क 10 टक्के वाढवावं’ असा ठराव कधीही करू नये, बैठकीत सुचवूही नये. एकत्र येऊन दर ठरवणं स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 मध्ये बसतं, आणि तिथे संघटनाही जबाबदार धरली जाते. पद्धत शिकवा, मुदत सांगा, नमुने द्या. आकडा प्रत्येक शाळेचा तिच्या खर्चातून यायला हवा.

असाच दुसरा मोह म्हणजे थकबाकीदार पालकांची यादी आपसात फिरवणं आणि ‘आधीच्या शाळेची ना-हरकत आणल्याशिवाय प्रवेश नाही’ असं ठरवणं. पहिली ते आठवीच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला लगेच देणं आरटीईच्या कलम 5 नुसार बंधनकारक आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शुल्क थकलं असेल तर ते वसूल करायचे मार्ग वेगळे : लेखी मागणी, हप्ते बांधून देणं, शेवटी दिवाणी दावा. मूल ओलीस ठेवायचं नाही. विडी किंवा यंत्रमागाच्या मजुरीवर घर चालणाऱ्या पालकाला महिन्याचा हप्ता जमतो, तिमाहीचा एकदम जमत नाही. हप्ते बदलून दिल्यावर अशा घरांची थकबाकी बरीच कमी होते.

आरटीई : प्रवेश आणि प्रतिपूर्ती

वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव 25 टक्के मोफत प्रवेशाचं वेळापत्रक दरवर्षी हलतं. 2025-26 साठी शाळानोंदणी डिसेंबर 2024 मध्येच सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने सरकारी-अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना सूट दिली, उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 ला ती रद्द केली, आणि तोवर प्रवेश लांबले. म्हणून डिसेंबरपासून रोज पोर्टल पाहायचं काम लिपिकाच्या वेळापत्रकात लिहूनच ठेवा.

नोंदणीच्या वेळी प्रवेशस्तर आणि क्षमता बरोबर भरा. क्षमता 40 असेल तर 10 जागा. आठ इयत्ता भरल्या की अशी 80 मुलं होतात. वार्षिक 17,670 रुपये दराने 14,13,600 रुपयांचा दावा. पण सरकारचा दर आणि शाळेचं प्रत्यक्ष शुल्क यांत जे कमी ते मिळतं, हे विसरू नका. शाळेचं मंजूर शुल्क 14,000 असेल तर 17,670 चा दावा केलेली फाइल परत येते.

प्रतिपूर्ती अडकण्याची बाकीची कारणं ठरलेली आहेत. मूल मध्येच गाव सोडून गेलं आणि यादीत राहिलं. यूडायसमधलं नाव आणि आरटीई यादीतलं नाव जुळत नाही. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुना आयएफएससी तसाच राहिला. शुल्क मंजुरीचा ठराव जोडलेला नाही. नमुना 2 ची मुदत संपलेली. यातली प्रत्येक गोष्ट दावा भरण्याच्या महिनाभर आधी तपासता येते. संघटनेने फेब्रुवारीत एक शनिवार ठेवून दहा-दहा शाळांच्या फाइली समोरासमोर तपासाव्यात. एका फाइलला वीस मिनिटं लागतात.

फाइली निर्दोष असूनही पैसे आले नाहीत, तरच संघटना म्हणून पुढे जायचं. शाळावार, वर्षवार थकबाकीचा तक्ता करून शिक्षणाधिकाऱ्यांना द्या, प्रत पुण्याच्या उपसंचालकांना. मग माहिती अधिकारात विचारा : जिल्ह्याला किती निधी आला, किती वाटला, कोणत्या क्रमाने. दहा रुपये आणि तीस दिवस. हे उत्तर हातात असल्याशिवाय याचिकेचा विचार करू नका, कारण न्यायालयात पहिला प्रश्न तोच असतो. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर त्याच्या कक्षेत येतं. मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च त्यामुळे वाचतो. याचिकेत शाळा स्वतः अर्जदार असाव्यात आणि खर्चाची वाटणी आधी ठरावाने नक्की करावी.

आपल्या मागण्या मांडताना आरटीईच्या मुलांना ओझं म्हणू नका, निवेदनातही नको. पैसे सरकार थकवतं, मूल थकवत नाही. त्याला वेगळं बसवणं, सहलीतून वगळणं असं काही सदस्य शाळेत घडलं, तर संघटनेने त्या शाळेच्या बाजूने उभं राहू नये.

जानेवारी ते मार्च

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात, संक्रांतीच्या आगेमागे, शहरात बैठक ठेवू नका. नंदीध्वजांच्या मिरवणुकीने रस्ते बंद असतात आणि मुलं-पालक सगळे यात्रेत. जानेवारीचं फॉर्म बी त्याआधी उरका. अंतर्गत समितीचा आधीच्या वर्षाचा अहवाल महिनाअखेर जातो. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षांचा. या दोन महिन्यांत शाळांकडून नवीन काही मागू नये, फक्त नमुना 2 ची मुदत ज्यांची संपत आली आहे त्यांना फोन करावा. मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास एक लाखापर्यंत आणि पुढे रोज दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नोटीस आलेल्या सदस्य शाळेचा फोन बहुतेक याच काळात येतो. क्रम असा ठेवा : नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहायला सांगा, उत्तराची मुदत पाहा, कमी असेल तर त्याच दिवशी लेखी मुदतवाढ मागा, मग कागद गोळा करा, उत्तर वकिलांकडून तपासून घ्या आणि पोहोच घेऊन द्या. शिक्षकाला सेवेतून काढल्याचं प्रकरण असेल, तर त्याला शाळा न्यायाधिकरणात जायला 30 दिवस असतात हे शाळेला आधी सांगा. चौकशी न करता काढलं असेल तर समेटाचा सल्ला द्या. शाळेचं चुकलं आहे हे शाळेलाच सांगता येणं, हे कार्यवाहाचं अवघड पण नेहमीचं काम आहे.

पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक फेब्रुवारीतच कार्यकारिणीत मंजूर करा. 31 मार्चला रोकड मोजून वहीत लिहा, त्यावर कार्यवाह आणि खजिनदार दोघांच्या सह्या घ्या. मग कपाट आवरा : आवक-जावक वही, पोहोच फाइल, इतिवृत्त, पावती पुस्तकं, परिपत्रकांचा क्रमवार संच, सदस्य नोंदवहीची छापील प्रत. पोर्टल आणि ईमेलचे पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे द्या, कारण दर निवडणुकीनंतर नेमका तोच कागद सापडत नाही. कपाटाची दुसरी किल्ली खजिनदारांकडे असू द्या.